पंधरावर थांबणारे हात

माझ्या सुनेने मला नापास केलं. तेही तीन परक्या माणसांसमोर, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता, आणि वर "आई, पाणी हवंय का?" असं विचारून.

परीक्षा सीपीआरची होती. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचा, तोंडाने श्वास द्यायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा जीव धरून ठेवायचा, त्याची. हे मी गेली एकतीस वर्षं लोकांना शिकवते आहे. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दर तीन महिन्यांनी कामगारांचा वर्ग घ्यायला मलाच बोलावतात, आणि मीही नटूनथटून जाते. फक्त शिकवणाऱ्यालाही दर दोन वर्षांनी परीक्षा द्यावी लागते, आणि ती झाल्याशिवाय वर्ग घेता येत नाही. आजवर ही परीक्षा मी झोपेतून उठवलं तरी देईन अशा थाटात देत आले होते.

पूर्वी परीक्षा घेणारे साहेब यंदा रजेवर होते. प्रशिक्षण केंद्रात परीक्षक दोनच, ते साहेब आणि माझी सून. ती रुग्णवाहिकेवर काम करते आणि आठवड्यातून दोन दिवस केंद्रात शिकवते. या माझ्या सासूबाई आहेत, दुसरं कोणी बघा, असं तिने वरिष्ठांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, गुण बाहुली देते, तू फक्त सही करायची.

तर ही नवी बाहुली. कमरेपर्यंतचा रबरी माणूस, पण छातीत तारा. किती खोल दाबलं, किती वेगाने दाबलं, कुठे थांबलात, सगळं शेजारच्या पडद्यावर उमटतं. माझ्या घरी सरावाला जुना पुतळा आहे, त्याला आम्ही निवांतराव म्हणतो. निवांतरावांनी कधी कोणाची चहाडी केली नाही. या नव्या बयेने मात्र परीक्षा संपल्या संपल्या कागदच बाहेर काढला. खोली उत्तम. वेग उत्तम. आणि खाली लाल अक्षरांत: प्रत्येक फेरीत पंधराव्या दाबानंतर दोन सेकंदांचा खंड.

"प्रत्येक फेरीत?" मी विचारलं.

"प्रत्येक," सून म्हणाली. "नियम तीसचा आहे आई. सलग तीस दाब, मग दोन श्वास. तुम्ही पंधरावर थांबता, मग पुढचे पंधरा देता."

"मी थांबत नाही."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. कुंपणाच्या काठ्यांसारख्या एका उंचीच्या रेघा होत्या, आणि मधोमध एक काठी पडल्यासारखी फट. पुन्हा रेघा, पुन्हा फट.

दहा दिवसांनी दुसरी संधी मिळणार होती. त्यातही घसरले तर एक वर्ष बंदी, आणि बासष्टाव्या वर्षी एक वर्ष बंदी म्हणजे कायमचीच सुट्टी.

घरी आम्ही दोघी तिच्याच गाडीने आलो. मी सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होते. दारात हे उभे. "काय, पास ना?"

"नाही बाबा," सून म्हणाली.

"आं? कोणी नापास केलं हिला?"

"मी."

हे एकदा तिच्याकडे बघून, एकदा माझ्याकडे बघून, काही न बोलता आत गेले आणि तिघांचा चहा टाकला. छत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस दुसरं काही शिकला नसेल, पण कधी गप्प बसायचं ते पक्कं शिकलाय.

आता खरं सांगायचं तर नापास झाल्याचं मला वाईट वाटलं, पण त्याच्या खाली कुठेतरी हायसंही वाटलं. त्याचं कारण माझ्या पर्समध्ये होतं. पुढच्या वर्गाची यादी. बारा नावं, त्यातलं सातवं वाचताना आधी आडनावावर डोळे अडकले आणि मग बापाच्या नावावर. ही आमच्या भट्टीवाल्या मिस्त्रींची मुलगी. वडील गेले तेव्हा सहा वर्षांची होती. आता कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेची तपासणी करायला लागली होती, आणि सीपीआर शिकायला माझ्यासमोर बसणार होती. तिचे वडील माझ्या हाताखाली गेले होते.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, बाई रडगाणं लावणार. नाही लावणार. मी मुळात समाधानी बाई आहे. घर आहे, माणसं आहेत, गुडघे अजून माझं ऐकतात. आणि नियम बदलतात याचा तर मला कधीच जाच वाटला नाही.

मी शिकवायला लागले तेव्हाचा नियम असा होता: मदत करणारा एकटा असेल तर पंधरा दाब आणि दोन श्वास. दोघं असतील तर एकाने पाच दाब द्यायचे, दुसऱ्याने एक श्वास. त्याआधी नाडी बघायची. दाबायची जागा शोधायला बरगडीच्या कडेवरून बोटं सरकवत मधल्या खाचेपर्यंत जायचं, तिथून दोन बोटं मोजायची आणि त्याच्या वर तळहात ठेवायचा. धडधाकट माणसावर दाब द्यायचा नसतो, पण जागा शोधायचा सराव करायला हरकत नव्हती, म्हणून मी नवऱ्याला सतरंजीवर आडवं केलं. पण यांना गुदगुल्या फार. बोटं बरगडीला लागली की हे हसत हसत कुशीवर. "अहो, जरा मेल्यासारखे पडा की!" असं मी ओरडले, तेव्हा विरजण मागायला आलेली शेजारीण उंबऱ्यातूनच परत गेली. आठवडाभर ती माझ्याशी जपून बोलत होती.

मग पाचाला एक गेलं. मग ठरलं की सामान्य माणसाने नाडी बघायचीच नाही, कारण घाबरलेल्याला आपलीच नाडी त्याची वाटते. मग पंधराचे तीस झाले. मग बोटं मोजणं गेलं. छातीच्या मधोमध हात ठेवा आणि सुरू करा, वेळ दवडू नका. मग तर सगळं उलटंपालटं झालं. आधी श्वास, मग दाब, असं सतरा वर्षं घसा फोडून सांगितलं होतं, ते आधी दाब, मग श्वास झालं, आणि ज्याला श्वास देता येत नसेल त्याने नुसता दाब द्यावा, तेवढाही पुष्कळ. मिनिटाला निदान शंभरच्या वेगाने दाबा म्हणून सांगितलं तर लोक सुसाट सुटले, म्हणून शंभर ते एकशेवीस अशी वेसण घातली. निदान पाच सेंटिमीटर खोल म्हटलं तर काही पहिलवान आरपार जायला निघाले, म्हणून सहाच्या पुढे नको असं आलं.

दर वेळी मी वर्गापुढे उभी राहायचे आणि सांगायचे, मागच्या खेपेला मी जे शिकवलं ते विसरा. लोक खो खो हसायचे. पॅकिंगचे मुकादम एकदा म्हणाले, "सिस्टर, माणूस तोच, छाती तीच, काळीजही तेच. मग नियम कसा काय बदलतो?" मागून कोणीतरी ओरडलं, "तुमचं एकदा काय ते ठरू द्या, मग आम्ही बेशुद्ध पडतो!" मीही हसायचे. मला आवडायचं ते. एवढी मोठमोठी डोकी, आणि आपलं चुकलं होतं असं जाहीर सांगून नवीन कागद छापतात, घराघरांत कुठे होतं असं? मी मनापासून शिकायचे आणि मनापासून शिकवायचे.

फक्त एक बदल माझ्या हातांनी घेतला नव्हता, आणि इतक्या वर्षांत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. परीक्षक साहेबांना डोळ्यांनी दोन सेकंद दिसत नसत. त्यांना वाटत असेल, बाई दम घेते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला, सून कामावर जायच्या आधी, आमचा सराव सुरू झाला. पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवायचं, निवांतरावांना सतरंजीवर घ्यायचं. मी दाब देणार, हे मोठ्याने आकडे म्हणणार, सून बघणार.

"बारा, तेरा, चौदा, पंधरा," हे म्हणाले, आणि मी थांबले, तर माझ्याबरोबर हेही थांबले.

"बाबा, तुम्ही कशाला थांबलात?"

"ही थांबली म्हणून."

"तुम्ही म्हणत राहा. त्या थांबल्या तरी तुम्ही पुढे जा."

मग यांचे आकडे पुढे आणि माझे हात मागे अशी आमची वरात निघाली. आधी मी म्हटलं, आता वय झालं. मग म्हटलं, सतरंजी सरकते. मग म्हटलं, तुम्ही दोघं डोळे लावून बसलात की माझं लक्ष जातं. सून ऐकून घ्यायची. ती वाद घालत नाही, हाच तिचा मोठा दोष आहे. वाद घातला असता तर मी जिंकले असते.

तिसऱ्या दिवशी बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "आई, पंधरावर थांबता तेव्हा तुम्ही निवांतरावांच्या तोंडाकडे बघता. दर वेळी. काय बघता?"

मला वाटलं होतं की हे गुपित माझ्याबरोबरच जाईल. पण सकाळची वेळ होती, घाम आलेला होता, आणि तिने ते चौकशी केल्यासारखं विचारलं नव्हतं, दुखतंय कुठे असं डॉक्टर विचारतात तसं विचारलं होतं. मी सतरंजीवरच बसले आणि सांगून टाकलं.

वीस वर्षांपूर्वी, सकाळी आठची पाळी बदलताना भट्टीवाले मिस्त्री दवाखान्यात आले होते. हातावर भाजल्याची पट्टी बदलून घ्यायला ते नेहमी यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "सिस्टर, भट्टीपेक्षा तुमचं औषध जास्त चटके देतं." त्या दिवशी बाकावर बसले आणि म्हणाले, "जरा कसंतरीच होतंय." आणि बाकावरून खाली घसरले. दवाखान्यात मी एकटी. फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोन करायला पिटाळलं आणि खाली बसून सुरुवात केली. पंधरा दाब, दोन श्वास. पंधरा, दोन. पंधरा झाले की मी त्यांच्या तोंडाकडे वळायचे, आणि दर वेळी वाटायचं, आता डोळे उघडतील. बावीस मिनिटं. मग रुग्णवाहिका आली. त्यांच्या माणसांनी मला बाजूला केलं, पुढचं त्यांनी केलं, पण इस्पितळात पोचल्यावर डॉक्टरांनी मान हलवली.

"एवढंच नाही," मी म्हटलं. "त्यानंतर दीड वर्षाने मला नव्या नियमांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे फळ्यावर रेघ काढून दाखवली. दाब द्यायला लागलं की आतलं रक्त हळूहळू मेंदूकडे चढतं. थांबलं की झटकन उतरतं. मग पुन्हा चढवायलाच पुढचे कितीतरी दाब खर्ची पडतात. म्हणून थांबणं कमी करा, पंधराऐवजी तीस. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी वहीच्या कडेला गणित मांडलं. मिनिटाला चार फेऱ्या, बावीस मिनिटं. अठ्ठ्याऐंशी. चढवलेलं रक्त अठ्ठ्याऐंशी वेळा मी माझ्या हाताने खाली पाडलं. ते पान फाडून टाकलं, आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांना तीस शिकवायला लागले."

मग हे म्हणाले, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला बरं वाटेल असं काहीतरी बोलला असता."

ते बोलले असते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"त्यांच्या घरीही मी गेले नाही," मी सुनेला म्हटलं. "कारखान्यातले साहेब भेटून आले. माझे पाय फाटकाबाहेर पडेनात. बायको विचारेल, काय काय केलंत, आणि मी काय सांगू? आणि नवा नियम आल्यावर तर संपलंच. आता ती मुलगी येतेय. तिला तीस शिकवायचे. ती विचारणार, बाबांना किती दिले होते."

सुनेने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "तीस दिले असते तर ते वाचले असते का, हे तुम्हाला विचारायचंय ना?"

"हो."

"माहीत नाही. बरेचसे नाहीच वाचत, आई. माझ्याकडे यंत्र असतं, औषधं असतात, शिकलेली दोन माणसं असतात, तरी नाही वाचत. तीसने शक्यता थोडी वाढली असती, एवढं खरं. आणि तुम्ही हातच लावला नसता तर शक्यता नव्हतीच, हेही खरं."

"पण मी चुकीचं करत होते."

"त्या दिवशी जे बरोबर होतं ते करत होता." ती उठली. "नंतर कागद भरला होता का तुम्ही?"

"भरला ना. चार पानी. किती वाजता पडले, किती वाजता सुरू केलं, किती दाब, किती श्वास, कधी थांबवलं."

"मग तीस कुठून आले असं वाटतं तुम्हाला? सकाळी उठून कोणाच्या मनात आलं? असेच कागद ठिकठिकाणी जमतात. मी पण भरते रोज. पंधराने किती माणसं गेली ते लोकांनी खरंखरं लिहिलं, म्हणून कोणीतरी बसून विचार केला की कुठे कमी पडतंय."

"माझा कागद त्यात होता?" मी विचारलं. पहिलीतल्या पोरीने विचारावं तसं विचारलं, मलाच लाज वाटली.

"ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?" ती दारापाशी गेली, पिशवी खांद्याला लावली, आणि तिथून वळून म्हणाली, "पण आई, वाचलेल्यांचेच कागद लोकांनी भरले असते ना, तर आज मीसुद्धा पंधरावरच थांबले असते." मग घड्याळ बघितलं, "मेले, उशीर झाला," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मला आधी तिचा राग आला, की एवढं मोठं बोलून ही खुशाल कामाला निघून जाते. मग रडू आलं. हे शेजारी सतरंजीवर येऊन बसले आणि शहाण्यासारखे काही बोलले नाहीत. मग मला कडकडून भूक लागली, आणि आम्ही दोघांनी सकाळी सातला भरपेट खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू करताना सून म्हणाली, "तोंडाकडे बघू नका असं मी म्हणत नाही. बघा. फक्त हात चालू ठेवून बघा." हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला बजावत होते, बघायचं नाही, बघायचं नाही, आणि पंधरा आले की मान वळायची आणि हात अडकायचे. आता मी पंधरावर सरळ मान वळवली, निवांतरावांच्या रबरी चेहऱ्याकडे बघितलं आणि दाबत राहिले. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांत एकदाच जमलं. सहाव्या दिवशी चारही जमल्या. हे आकडे म्हणता म्हणता इतके खूश झाले की तीसवर न थांबता छत्तीसपर्यंत गेले.

दहाव्या दिवशी केंद्रात त्या चहाडखोर बाहुलीने कागद बाहेर काढला. लाल अक्षर एकही नव्हतं. सून कागद खालपासून वरपर्यंत वाचत बसली, मुद्दामच.

"शेवटच्या फेरीत दाब किंचित हलका पडलाय," ती म्हणाली.

"सही कर मुकाट्याने."

तिने सही केली. जिना उतरताना मात्र तिने माझा दंड धरला, आणि गाडीपर्यंत सोडला नाही. परगावी नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने आयुष्यात एक काम चोख केलं असेल तर ते या पोरीला घरी आणण्याचं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, लगेच डोक्यावर बसेल.

वर्गाच्या दिवशी मी अर्धा तास आधी कारखान्यात पोचले. जेवणघराच्या वरच्या खोलीत वर्ग असतो. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, खिडकीतून भट्टीचं धुरांडं दिसतं, आणि बाटल्या पट्ट्यावरून पुढे सरकतानाचा किणकिणाट दिवसभर चालू असतो. मी निवांतरावांना पिशवीतून काढत होते, एवढ्यात दारात एक मुलगी उभी राहिली. पांढरा कोट, खिशाला ओळखपत्र. ओळखपत्र वाचायची गरज नव्हती. हनुवटी सगळी बापाची.

"सिस्टर, लवकर आले. काही मदत करू का?"

"ये," मी म्हटलं. "ही सतरंजी धर तिकडून."

सतरंजी पसरून झाली. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं.

"तुझ्या बाबांना मी ओळखत होते," मी म्हटलं. "ते गेले त्या दिवशी दवाखान्यात मी होते. हेच, जे आज तुम्हाला शिकवणार आहे, ते मी त्यांना केलं. फक्त तेव्हाचा नियम वेगळा होता. आज मी तुला तीस दाब शिकवणार. त्यांना मी पंधरा दिले, मग थांबून दोन श्वास, मग पुन्हा पंधरा. नंतर लोकांच्या लक्षात आलं की एवढं थांबणं बरं नव्हे. तीस दिले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण हे दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. आणि मी तुमच्या घरी यायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. ते माझं चुकलं."

तिला राग यावा, तिने रडावं, काहीही चाललं असतं. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"किती वेळ केलंत?" तिने विचारलं.

"बावीस मिनिटं. रुग्णवाहिका येईपर्यंत."

"एकटीने?"

"एकटीच होते."

"आम्हाला तर सांगितलं होतं, जागच्या जागी गेले." तिचा आवाज बारीक झाला. "कोणी साहेब आले होते घरी. म्हणाले, काही कळायच्या आत सगळं संपलं, काहीच करता आलं नाही. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल. पण आई अजून म्हणते, एवढा मोठा कारखाना, शेकडो माणसं, आणि माझा माणूस एकटा पडून होता. कोणी हातसुद्धा लावला नाही."

वीस वर्षं मी त्या बाईच्या एका प्रश्नाला घाबरून होते, आणि ती वीस वर्षं दुसऱ्याच प्रश्नाशी झगडत होती. मी एकदा त्यांच्या दारापर्यंत चालत गेले असते तर दोघींचं ओझं उतरलं असतं. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि त्याची घाईही नाही.

"सिस्टर, मी आईला फोन करू का? आत्ता?"

"कर. वर्ग थांबेल."

ती बाहेर जिन्याजवळ गेली. तोवर बाकीची मंडळी येऊन खुर्च्यांवर बसली. पॅकिंगचे मुकादम, आता निवृत्तीला टेकलेले, पहिल्या रांगेत पाय पसरून म्हणाले, "काय सिस्टर, या खेपेला काय काय विसरायचं?" सगळे हसले. मीही हसले, पण माझे कान जिन्याकडे होते. तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मधूनच नुसतं "हो", "हो आई", "बावीस", असं.

मग ती दारात आली. फोन छातीशी धरलेला, डोळे ओले, पण चेहरा निवळलेला.

"सिस्टर," ती म्हणाली, "आई विचारतेय, तुमचे हात दुखले असतील ना हो?"

बारा माणसांसमोर मी घळाघळा रडले. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, "सांग त्यांना, दुखले. चार दिवस वेणी घालता येत नव्हती."

तिने ते तसंच्या तसं फोनवर सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मी विचारलं नाही. तिने फोन कोटाच्या खिशात ठेवला, बाह्या वर केल्या आणि सतरंजीवर माझ्यासमोर येऊन बसली.